तीन बदामांची खूण

एका गावात एक भट्टी होती. वर्षभर तिथे पाव आणि खारी भाजली जायची. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र पाव बंद, खारी बंद. त्या दिवशी भट्टी ख्रिस्ती आळीची. आळीत घरं चाळीस, आणि चाळीस घरांचे चाळीस केक त्या एकाच भट्टीत भाजले जायचे.

बायका घरी पीठ कालवून पातेलं घेऊन यायच्या. केकचे डबे भट्टीचेच असत. सगळे एका मापाचे आणि सगळे सारखेच काळे. मग आपला केक कुठला, हे ओळखायचं कसं? कागद चिकटवावा तर जळून जातो. म्हणून ज्या त्या बाईने पिठावर आपली खूण ठेवायची. कुणाची चेरी, कुणाची चारोळ्यांची ओळ, कुणाच्या दोन मनुका. एक आजीबाई तर सरळ शेंगदाणा ठेवायच्या आणि वर ऐकवायच्या, “माझा केक आंधळ्यालासुद्धा सापडेल.”

आणखी एक रीत होती. खूण असलेला तुकडा घरात कुणी खायचा नाही. तो भट्टीवाल्या गफूरभाईंचा. नाताळच्या दिवशी दुपारी गफूरभाई पिशवी घेऊन चर्चच्या आवारात यायचे आणि चाळीस तुकडे घेऊन जायचे. ही रीत कुणी सुरू केली? नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, चांगल्या रीतीचंही तसंच आहे.

आता सलोमीबाईंकडे वळू. केक करावा तर सलोमीबाईंनी, असं सगळी आळी म्हणायची. आळी विसरली तर सलोमीबाई स्वतः आठवण करून द्यायच्या. त्यांची खूण तीन बदाम.

नाताळची उपासना संपली की आवारात लांबलचक टेबल मांडलं जाई. त्यावर चाळीस ताटं. ज्या ताटातला केक सगळ्यांत आधी संपेल, तो करणाऱ्या बाईच्या हाती पाळकसाहेब लाल फीत बांधलेली सुरी देत. पुढच्या नाताळचा पहिला केक त्या सुरीने तिनेच कापायचा. गेली अकरा वर्षं ती सुरी सलोमीबाईंच्या काचेच्या कपाटात होती. फीत दरवर्षी नवी यायची, कपाट तेच.

त्या वर्षी शेजारच्या शेवंताबाईंच्या घरात नवी सून आली. तिचं नाव एस्तेर. पोर संत्र्यांच्या मुलखातली. तिची आई लग्नाआधी चारच महिने वारली होती. नाताळ जवळ आला तसं शेवंताबाई म्हणाल्या, “एस्तेर, यंदा आपल्या घरचा केक तू कर.”

“मला जमेल का हो, आत्या?”

“न जमायला काय झालं? तुझ्या आईचा हात थोडा तरी उतरला असेलच की तुझ्यात.”

एस्तेरने माहेरून आणलेला एक डबा उघडला. त्यात वाळवलेल्या संत्र्याच्या साली होत्या. आईने स्वतःच्या हाताने वाळवलेल्या, शेवटच्या. तिने त्या कुटल्या, चाळल्या, आणि आई करायची तस्सं पीठ कालवलं. कालवता कालवता डोळे दोनदा पुसले. सगळा जीव तिने त्या एका केकमध्ये ओतला होता. हा केक आईसारखा झाला, तर आई अजून थोडी आपल्यापाशी आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

भिंतीपलीकडे सलोमीबाईंच्या नाकाला तो वास लागला. “संत्र्याची साल! केकमध्ये!” म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण वास चांगला होता आणि ते त्यांना कळत होतं. मग त्यांनी काय केलं? तूप दुप्पट घातलं. काजू दुप्पट, मनुका दुप्पट, खजूर दुप्पट. चमचा पातेल्यात उभा राहिला तरी बाई थांबल्या नाहीत. अति तेथे माती, हे त्या दुसऱ्यांना नेहमी सांगायच्या.

त्याच दुपारी, नाताळच्या आदल्या दिवशी, भट्टीवर ही गर्दी! सलोमीबाईंनी डब्यात पीठ ओतलं, वर तीन बदाम ठेवले आणि ऐटीत निघून गेल्या. त्यांच्या मागेच एस्तेर उभी होती. खुणेची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. प्रत्येकीला वाटलं, दुसरीने सांगितली असेल. तिला वाटलं, इथे केकवर तीन बदाम ठेवत असतील. सासूबाईंनी रुमालात थोडा सुकामेवा बांधून दिला होता. तिने त्यातले तीन बदाम काढले, तसेच मांडले आणि मनात प्रार्थना करून घरी गेली. गफूरभाई तेव्हा भट्टीत तोंड घालून निखारे ओढत होते. त्यांना काय पत्ता!

संध्याकाळी डबे बाहेर निघाले. सलोमीबाईंचा केक सुकामेव्याच्या भाराने मधोमध बसला होता, आणि वरचे तीन बदाम खाली बुडून गडप झाले होते. एस्तेरचा केक छान फुगला होता. वर तीन बदाम, राजासारखे.

“हा सलोमीबाईंचा, सांगायलाच नको,” गफूरभाई म्हणाले आणि तो केक त्यांच्याकडे पाठवला. सगळे केक घरोघर गेल्यावर बिनखुणेचा एकच उरला. तो एस्तेरच्या हाती आला. तिने फडकं बाजूला करून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. चव घेऊन बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. तसंच झाकून ठेवलं.

नाताळ उजाडला. उपासना झाली, गाणी झाली, गव्हाणीतल्या बाळाला हात लावायचा नाही असं तीनदा बजावूनही लहान मुलांचा हात लावून झाला. टेबल मांडलं गेलं. सलोमीबाईंनी आपल्या ताटातला केक कापला, खुणेचा तुकडा बाजूला काढून वाटीखाली झाकला आणि सुरीला चिकटलेला चुरा जिभेवर टाकला.

संत्रं.

बाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांनी टेबलाच्या टोकाला नजर टाकली. तिथे शेवंताबाईंच्या ताटात एक बसका, तुपकट, काळपट केक होता. आपलं लेकरू आईला ओळखू येतंच, मग ते कसंही दिसो. सलोमीबाईंनी ओळखलं.

तेवढ्यात बायका जमल्याच. “अगं बाई, काय चव आहे! सलोमीबाई, यंदा घातलंत तरी काय?”

आता बोलायचं होतं. पण अकरा वर्षांची सवय जिभेवर बसली होती. सलोमीबाई म्हणाल्या, “घालायचंय काय? हातगुण!”

बघता बघता ताट रिकामं झालं. टेबलाच्या टोकाचं ताट मात्र तसंच. कुणीतरी म्हणालं, “शेवंताबाई, सुनेने केक आणलाय की वीट? पायरीला लावून टाका.” सगळे हसले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण हसणं हसणाऱ्याला लागत नाही. एस्तेरने ताट उचललं आणि ती चर्चमागच्या नळाकडे गेली.

पाळकसाहेबांनी सुरी दिली. टाळ्या वाजल्या. सलोमीबाईंच्या एका हातात मानाची सुरी, आणि जिभेवर अजून दुसरीचं संत्रं. लाज वाटली, खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस आधी पळवाट शोधतो, सलोमीबाईंनीही शोधली. अंगावर नवी कोरी लोकरीची शाल होती, लेकाने खास नाताळसाठी आणलेली. त्या मनात म्हणाल्या, ही देऊन टाकते पोरीला. एवढी महागाची भेट! फिटलं म्हणायचं.

त्या नळापाशी गेल्या. एस्तेर केकचा तुकडा मोडून कोंबड्यांना घालत होती. कोंबड्या एकदा चोच मारून लांब जात होत्या. शेजारी शेवंताबाई उभ्या होत्या.

“होतं गं असं पहिल्या वेळी,” शेवंताबाई समजूत काढत होत्या. “पुढच्या वर्षी करशील चांगला.”

“नाही आत्या, मी परत केक करणार नाही,” एस्तेर म्हणाली. “आईच्या साली संपल्या. आणि तिचा हात माझ्यात उतरलाच नाही, हे आता कळलं. तिच्याबरोबरच गेलं सगळं.”

सलोमीबाईंनी घाईघाईने शाल पुढे केली. “हे घे पोरी. माझ्याकडून नाताळची भेट. रडू नये सणाचं.”

एस्तेरने दोन्ही हातांनी शाल घेतली, डोळ्यांना लावली आणि तशीच परत दिली. “सलाम, मावशी. तुमचं मन मोठं आहे. पण शाल नको. तुम्ही गावात सगळ्यांत चांगला केक करता. मला फक्त एवढं सांगा, माझं चुकलं काय?”

झालं! आता पळणार कुठे? हाताशी शाल होती, पण या प्रश्नाला शाल पुरत नव्हती.

सलोमीबाईंनी एस्तेरच्या हातातलं ताट घेतलं, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत टेबलापाशी आणलं. आवारात सगळे जमलेले. गफूरभाई पिशवी घेऊन नुकतेच आत शिरत होते.

“ऐका!” सलोमीबाई कडाडल्या. आवाज त्यांचा मुळातच दणदणीत. “ही वीट माझी आहे.”

कुणाला काही कळेना. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, तुमचा केक तर संपला.”

“तो माझा नव्हता. पहिल्या चुऱ्यालाच मला कळलं होतं, आणि मी तोंड मिटून बसले. हे बघा.” मानाची लाल फितीची सुरी त्यांनी त्या बसक्या केकमध्ये खुपसली आणि तो सर्रकन कापला. तळाशी तीन बदाम, तुपात बुडालेले. “काल तूप, काजू, खजूर, सगळं मी दुप्पट घातलं. कशापायी? या पोरीच्या केकचा वास भिंतीवरून आला म्हणून. तिच्यापुढे आपला फिका पडेल म्हणून. पडला!”

एस्तेर हळूच म्हणाली, “पण मावशी, तीन बदाम तर मीही ठेवले होते. मला वाटलं, इथे सगळेच ठेवतात.”

“ठेवलेस ना? मग हे खा.” सलोमीबाईंनी वाटीखालून खुणेचा तुकडा काढला. वर तीन बदाम, फुगलेला, सोनेरी. “रीत मोडते आहे, गफूरभाई. तुमचा तुकडा देते आहे.”

“द्या, द्या,” गफूरभाई म्हणाले.

एस्तेरने एक घास घेतला. चावता चावता थांबली. मग तिचा चेहरा असा काही फुलला की टेबलाभोवतीचे सगळे जवळ सरकले.

“आईचा आहे,” ती म्हणाली. “आत्या, हा आईचा केक आहे! मला आलाय!” आणि शेवंताबाईंच्या गळ्यात पडून ती रडली. मघाशी रडत होती ते रडणं निराळं, हे निराळं. शेवंताबाईही रडल्या आणि मघाशी विटेची गंमत करणाऱ्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “माझं मेलीचं तोंडच फटकळ.”

गफूरभाईंनी कान पकडले. “चूक माझी, बाई. बारा वर्षं तुमचे बदाम बघतोय. काल बदाम बघितले आणि केक बघितलाच नाही.”

“मी तरी काय केलं?” सलोमीबाई म्हणाल्या. “अकरा वर्षं सुरी बघितली.”

त्यांनी ती सुरी पदराने स्वच्छ पुसली आणि एस्तेरच्या हातात ठेवली. कुणी टाळ्या वाजवायची वाट त्यांनी बघितली नाही. एस्तेरने त्याच सुरीने उरलेल्या तुकड्याचे दोन भाग केले. एक सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि एक गफूरभाईंच्या पिशवीत.

“मावशी,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी साली आणवते माहेरून. दोघी मिळून करू.”

“करू. आणि तुपाचा डबा माझ्या हाताला लागू देऊ नकोस.”

सगळे हसले, आणि या वेळी सलोमीबाई सगळ्यांत मोठ्यांदा हसल्या. त्यांची वीट दुपारी चहाबरोबर पाळकसाहेबांनी बळेबळे थोडी खाल्ली. बाकीची कोंबड्यांनीही घेतली नाही, ते सोडा. निघताना सलोमीबाईंनी ती शाल पुन्हा एस्तेरच्या खांद्यावर घातली. आता तिने ती नाकारली नाही.

पुढच्या नाताळला गफूरभाईंच्या भट्टीत एका केकवर सहा बदाम होते. तो कुणाचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तात्पर्य: कुणाला भेट द्यायला निघालात तर आधी बघा, त्याचंच काही आपल्यापाशी राहिलं आहे का. असेल तर आधी ते परत द्या. शाल मागाहून दिली तरी चालते.