खोतांच्या मुक्या कळ्या

आनंदगीर महाराज केळशिंगी गावी जुगाईच्या देवळात उतरले, त्या वैशाखात गावात सर्वांत जास्त लाभ कोणाच्या पदरात पडायचा होता? त्रिंबकपंत खोतांच्या! रोज सकाळी विहिरीवर दात घासताना त्याची उजळणी करायचा त्यांचा नेमच होता.

त्या गावची रीत अशी की, अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी देवीला चंदनाची उटी लावायची आणि घरच्या परसात फुललेल्या मोगऱ्याचा पोशाख चढवायचा. कळ्या देवीच्या अंगावरच उमलायच्या. देऊळ घमघमले की देवीने पोशाख स्वीकारला असे समजून पालखी उचलायची आणि पोशाख देणाऱ्याच्या अंगणात नेऊन टेकवायची. पालखी टेकली की चार गावांत नाव, आणि घरात उपवर बसलेल्या लेकीसाठी चांगल्या घरची मंडळी आपणहून दारात! खोतांचीही लेक लग्नाची होती.

यंदा तर खोतांना प्रतिस्पर्धीच नव्हता. उन्हाळा असा तापला होता की अनंत, अबोली, जाई, सारी परसे करपून गेली होती. पाणी राहिले होते फक्त खोतांच्या विहिरीला. "प्यायला हवं तेवढं न्या, झाडांना थेंब नाही," असे खोतांनी बजावले होते. त्यामुळे साऱ्या गावात त्यांचाच मोगरा तेवढा डवरला होता.

म्हणजे, जवळजवळ त्यांचाच. घरोघरी भात कांडून पोट भरणाऱ्या भागीरथीच्या दारात मोगऱ्याचे एक झुडूप होते. तिची लेक बाळंतपणात मरता मरता वाचली होती. "माझ्या हातच्या मोगऱ्याची वेणी तुला वाहीन," असा नवस भागीरथी तेव्हा जुगाईला बोलली होती. पिण्याचे पाणी झाडाला घालायचे नाही, मग ती भांडी धुतलेले पाणी घाली. झुडपाला जेमतेम एका वेणीपुरत्या कळ्या धरल्या होत्या.

सणाच्या आदल्या दिवशी भर देवळात खोतांनी तिला गाठले. "अगो भागीरथी, खरकट्या पाण्यावरची फुलं देवीला वाहणार तू? मग उष्टी पत्रावळही घेऊन ये की सोबत!"

मंडळी फिदीफिदी हसली. भागीरथीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "खोत, नवस बोलल्येय मी. तो अंगावर राहिला नि लेकराला काही झालं तर?"

"मग चांगल्या पाण्याचा बोलायचा होतास!" खोत म्हणाले आणि बाबू गुरवाकडे वळले. "हिची वेणी गाभाऱ्यात येता कामा नये. सांगून ठेवतो!"

महाराज खांबाला टेकून हे ऐकत होते. ते भागीरथीला म्हणाले, "माये, रोजच्यासारखी भांडी घास, रोजच्यासारखं पाणी घाल. वेणी घेऊन ये. पुढचं आई बघेल."

हे शब्द खोतांना रात्रभर टोचले. महाराजांनी ऐनवेळी वेणी वाहायला लावली तर? त्यावर त्यांनी तोड काढली. पोशाखच असा भरगच्च करायचा की पायापासून मुकुटापर्यंत दुसऱ्याच्या एका फुलालाही जागा उरू नये! त्यासाठी पांढऱ्या कळ्या पुरेनात, तेव्हा त्यांनी हिरव्या, कोवळ्या कळ्याही सकाळीच खुडायला लावल्या. मोगरा दुपार टळल्यावर खुडायचा, कळी टपोरी पांढरी झाली की मगच, हे केळशिंगीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण खोतांपुढे बोलणार कोण?

संध्याकाळी पोशाख चढला. समया लागल्या, आरती झाली. गाव वास घ्यायला नाक वर करून उभे राहिले. वास मात्र येईना. गड्यांनी पांढऱ्या-हिरव्या कळ्या एकत्रच ओल्या फडक्यात आवळून दिवसभर दडपून ठेवल्या होत्या. एकूण एक कळी न उमलता मुकी राहिली होती.

"आईने पोशाख नाकारला," मागून कोणीतरी पुटपुटले.

"यंदा पालखी नाही उठायची," दुसरा म्हणाला.

खोतांच्या कपाळावरून घाम ओघळला. मान गेलाच होता. पण देवीने नाकारलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? ते धावत महाराजांपाशी आले. "महाराज, काहीतरी करा! घर बुडालं माझं!"

महाराज हसले. "पंत, मी काय करू? ती बघा, दाराबाहेर एक बाई केव्हाची ताटकळली आहे. तिच्या हातून वेणी घ्या आणि आईच्या पायांशी ठेवा."

"मी? ती वेणी?"

"गुरवाला तर तुम्हीच मनाई केलीत. मग आता कोणी ठेवायची?"

सारे गाव बघत होते. खोत दारापर्यंत गेले. खाली मान घालून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि भागीरथीने वेणी त्यांच्या ओंजळीत ठेवली. देवीच्या अंगावर खरेच जागा उरली नव्हती. उरली होती ती फक्त पावलांपुढची. तिथे खोतांनी वेणी ठेवली.

आणि काय सांगावे! पावलांजवळची पहिली कळी उमलली. मग तिच्यावरची, मग तिच्याही वरची. ज्या हिरव्या कळ्या झाडावरसुद्धा आज उमलल्या नसत्या, त्या लाह्या फुटाव्यात तशा फुटत मुकुटापर्यंत चढल्या. देऊळ असे घमघमले की बाबू गुरव घंटा वाजवायला विसरला.

"जुगाईमाते, उदे गं!" गाव गरजले.

खोतांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज म्हणाले, "माझ्या पायांवर काय ठेवता? माफी जिची मागायची ती मागे उभी आहे." तेव्हा त्रिंबकपंत खोत वळले आणि भर देवळात भागीरथीपुढे वाकले. "वहिनी, चुकलो. पालखी तुमच्या अंगणात जाईल. भोई होऊन मी नेईन."

नवस भागीरथीचा फिटला. पोशाख देवीला पावला. पुढे खोतांच्या लेकीचे लग्नही ठरले. खांद्यावर पालखी घेतलेला बाप पाहूनच म्हणे मंडळी आली. खोतांचा गेला तो ताठा, आणि त्याच्याविना ते अधिक सुखाने जेवू लागले. महाराज तर पहाटेच पुढच्या गावी निघून गेले. या साऱ्याची किंमत मोजली ती खोतांच्या रहाटाच्या बैलाने. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक परसाला पाणी द्यायचे ठरले, आणि तो बिचारा मृग लागेपर्यंत विहिरीभोवती फिरत राहिला.