येसू आणि भानूचे तळे

कुसवडीच्या माळावर तळे आहे. त्याचे नाव तिथे कोणी जोडून घेत नाही. पाहुणा घाईत ‘येसूभानू’ म्हणाला, तर पाणी भरणारी बाई त्याला थांबवते आणि मधला ‘आणि’ म्हणायला लावते. गावचे सखोबा गुरव त्याचे कारण सांगतात ते असे.

देशमुखांच्या घरात येसूबाई थोरली, भानू तिची धाकटी जाऊ. दुष्काळात येसूने गाव गोळा करून तळे खणवले, पण पाणी लागेना. मग भानू त्या कोरड्या खड्ड्यात तीन दिवस निर्जळी बसली आणि चौथ्या सकाळी तिच्या पायाशी झरा फुटला म्हणे. लोकांनी कौतुकाने दोघींची नावे जोडली.

येसूला ते सलले. आपल्या नावाला चिकटलेले दुसरे नाव ऐकले की ती ताटावरून उठे. तिने दाजीशास्त्र्यांना विचारले, जोडनावात थोर कोण? शास्त्री म्हणाले, समासासमासात फरक असतो. तत्पुरुषात दुसरा शब्द मुख्य. ‘राजवाडा’ म्हटले की दिसतो वाडा, राजा नुसता कोणाचा ते सांगायला. द्वंद्वात मात्र ‘आईबाप’सारखे दोन्ही शब्द सारख्या तोलाचे.

“तुमचं नाव द्वंद्वच, बाईसाहेब.”

येसूच्या डोक्यात राजवाडाच राहिला. म्हणजे तळे भानूचे, आपण नुसत्या सांगण्यापुरत्या. आणि सारख्या तोलाची तरी का म्हणून? त्याच दुपारी चुलीपाशी ती भानूला म्हणाली, “माझ्या नावाला लोंबकळून मोठी झालीस.”

भानू माहेरी निघून गेली.

गाव भिऊन ‘येसूतळे’ म्हणू लागले. असे सांगतात, की महिन्याभरात पाणी एकेक पायरी उतरत गेले आणि तळाचा चिखल दिसला. तेव्हा येसू अनवाणी भानूच्या दारी गेली.

“चल. तुझंही नाव राहील. पण चिकटून नको, मधे ‘आणि’ हवा.”

भानू उंबरा ओलांडून बाहेर आली. मग म्हणाली, “मलाही ते जोडलेलं नकोच होतं, अक्का. सगळे आधी तुमचंच नाव घ्यायचे.”

दोघी परतल्या तशी पाणी चढले. शास्त्री म्हणाले, द्वंद्व सोडवतात ते असेच, ‘आणि’ घालून. त्याला विग्रह म्हणतात, आणि भांडणालाही विग्रहच म्हणतात.

आजही कुसवडीत एक दिवस येसूचे नाव आधी घेतात, एक दिवस भानूचे. काल कोण आधी होती यावरून पायरीवर वाद होतो, आणि तो मिटेपर्यंत कोणी घागर बुडवत नाही.