उतरते ओटे

एका गावात एक चढाची गल्ली होती. खाली नदीकाठचा बाजार, वर वस्ती आणि मधे ही. बैलगाडी तिथे चढत नसे आणि पुलावरचा गाडीरस्ता फार लांबून जाई, त्यामुळे बहुतेक माल माणसांच्या डोक्यावरून इथूनच वर यायचा.

गल्लीचा एक रिवाज होता. अर्ध्या चढावर ओझेकरी थांबायचा, कोणाच्याही ओट्यावर ओझं टेकवायचा, घाम पुसायचा आणि हाक द्यायचा, "जरा हात लावता का?" भरलेली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. म्हणून घरात जे कोणी असेल त्याने उठायचं आणि हात लावायचा. त्या निमित्ताने पाणी विचारलं जाई, बाजारात काय चाललंय ते कळे, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं तेही कळे. थांबलेला माणूस जाताना काहीबाही विकतही घेई.

पण रोज रोज उठायचा कंटाळा येतोच. मला तरी त्या लोकांना फार दोष द्यावासा वाटत नाही. पहिला घास हातात घ्यावा आणि हाक यावी, जरा डोळा लागावा आणि हाक यावी. शेवटी गल्लीच्या मध्यावर बांगड्यांचं दुकान असलेल्या कासारणीने एक युक्ती केली. गवंडी बोलावून तिने आपल्या ओट्याला रस्त्याकडे चांगला उतार काढून घेतला. आता त्यावर काही ठेवलं की ते घसरून खाली येई. शेजाऱ्यांना युक्ती पसंत पडली. बघता बघता गल्लीतले सगळे ओटे उतरते झाले.

हाका थांबल्या. मग ओझेकरीही यायचे थांबले. लांब पडलं तरी ते पुलावरच्या गाडीरस्त्याने जाऊ लागले. त्यांच्यामागोमाग गिऱ्हाईकही गेलं आणि एकेक दुकान बंद पडलं.

नगरप्रमुखाला हे बघवेना. माणूस वाईट नव्हता. त्याने गल्लीत नवी फरशी घातली, कंदील लावले, कुंड्या मांडल्या. उद्घाटनाला मोठी गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी फरशीवर दोन कुत्री ऊन खात पडली होती. मग ती फरशी उकरून दुसरी घातली आणि मधोमध कारंजं बांधलं. कारंज्याच्या कठड्यावर टोकदार पाकळ्यांची दगडी कमळं कोरलेली होती, त्यामुळे तिथे धड बसताही येत नसे. पुन्हा गर्दी, पुन्हा कुत्री. त्या खणाखणीला गल्ली पार विटून गेली.

कासारणीने तर हायच खाल्ली. दुकान चालत नव्हतं, गुडघे दुखत होते, बोलायला कोणी नव्हतं. या घराशिवाय तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. लेकीच्या सासरी जाऊन पडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं, पण दुसरा इलाज दिसेना. एके दिवशी भर दुपारी ती बांगड्या गवतात गुंडाळून टोपलीत भरायला बसली.

नेमका त्याच दिवशी गाडीरस्त्यावरचा पूल खचला होता. मडक्यांनी भरलेली पाटी घेऊन एक कुंभारीण गल्ली चढत आली आणि मध्यावर येऊन थांबली.

"जरा हात लावता का कोणी?"

कासारणीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आपण तर चाललोच, तिला वाटलं, आता कोणाकोणाचं करत बसायचं. पुन्हा हाक आली, पण या वेळी अगदी हळू, कोणी येईल अशी आशा सोडल्यासारखी. कासारीण गुडघ्यांवर हात रोवून उठली.

"ओटा उतरता आहे हो," कुंभारीण म्हणाली. "कुठे टेकवू?"

"माहीत आहे गं बाई. मीच करून घेतलाय."

दोघींनी पाटी जपून जमिनीवर उतरवली. कुंभारीण पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली. पण उठायची वेळ आली तेव्हा जमिनीवरची पाटी दोघींना उचलेना. कासारणीने शेजारच्या शिंप्याला हाक मारली.

"आता काय आणखी?" म्हणत तो आला.

तेवढ्यात तिसऱ्या आराखड्यासाठी मापं घेत नगरप्रमुखही तिथे पोचला.

"पागोटं काढून ठेवा," कासारीण म्हणाली, "आणि ती कड धरा."

त्याने मुकाट्याने कड धरली. चौघांनी मिळून पाटी डोक्यावर चढवली.

"परत येताना या हिरव्या बांगड्या बघते," कुंभारीण म्हणाली. "गवतात घालू नका इतक्यात."

ती गेल्यावर नगरप्रमुख कपाळ पुसत म्हणाला, "काकू, खरं सांगा. या गल्लीत अजून काय बांधू?"

"ओटे सरळ करून द्या."

"आणि?"

"तुमचं काम तेवढंच. उठायचं काम आमचं. आम्हीच ते टाकलं होतं."

ओटे सरळ झाले. पूलही दुरुस्त झाला, तरी काही ओझेकरी गल्लीनेच येत राहिले. सगळे शेजारी हाकेला उठतात असं नाही. कासारणीची टोपली मात्र त्याच संध्याकाळी रिकामी झाली आणि बांगड्या परत खुंट्यांवर गेल्या. अजूनही दुपारी ती जरा आडवी झाली की खालून हाक येते.

"मेले पाठ टेकू देत नाहीत," ती म्हणते आणि गुडघ्यांवर हात रोवून उठते.

तात्पर्य एवढंच: रस्ता कितीही सजवला तरी तो जागा राहतो दुसऱ्याच्या हाकेला उठणाऱ्या माणसांमुळे, मग ती कुरकुरत का उठेनात.