रोग्यांना विचारणारा वैद्य

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वैद्य राहत होते. सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यांच्या हाताला गुण होता. त्यांनी दिलेला काढा वेळेवर आणि नीट घेतला, तर माणूस उठून कामाला लागायचा.

पण लोक वेळेवर यायचेच नाहीत. दुखणं अंगावर काढायचे, अंगारे-धुपारे करायचे, आणि अगदीच हातपाय गळाले की मग दवाखान्याची वाट धरायचे. औषध नेलं तरी अर्धं घ्यायचे, अर्धं टाकून द्यायचे. वैद्यबुवा चिडायचे. म्हणायचे, "औषध माझ्याकडे आहे, पण या लोकांच्या अडाणीपणावर मी काय करणार?"

एके दिवशी येसू नावाची एक बाई तान्ह्या लेकीला छातीशी धरून धावत आली. मुलगी तापानं फणफणली होती, डोळे पांढरे करत होती. वैद्यबुवांनी हातातलं सगळं काम टाकलं. दिवसभर ते त्या मुलीपाशी बसून होते. कपाळावर पट्ट्या, चमच्याचमच्यानं औषध, मध्येच नाडी बघणं. संध्याकाळी ताप उतरला. मुलीनं डोळे उघडले आणि आईचा पदर तोंडात घातला.

वैद्यबुवांनी घाम पुसला आणि मग त्यांचा राग उसळला.

"आई आहेस का कोण आहेस? काल आणली असतीस तर हिच्यावर ही वेळ आली नसती."

येसू खाली मान घालून म्हणाली, "काल आणली होती, बुवा."

"कुठं आणली होती? मी तर पाहिली नाही."

"दारापर्यंत आले होते. तुमचे मेहुणे दारात बसतात ना, ते प्रत्येकाला मोठ्यानं विचारतात, काय होतंय, कुठं दुखतंय. ओसरीवर सगळं गाव बसलेलं. मला लेकीचं सांगायचं होतं आणि माझंही एक दुखणं होतं, बाईमाणसाचं. चारचौघांत कसं सांगू? मेहुणे म्हणाले, बोलायचं नसेल तर जागा अडवू नका. मग मी परत गेले."

वैद्यबुवांनी आधी येसूला आतल्या खोलीत बसवून तिचं दुखणं ऐकून घेतलं, औषध दिलं. ती गेल्यावरही, किती माणसं अशी दारातून परत गेली असतील, हा विचार त्यांची पाठ सोडेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना विचारलं, "माझ्या दवाखान्यात तुम्हाला काही अडचण आहे का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. "छे, छे. सगळं उत्तम आहे, बुवा. तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत."

वैद्यबुवा घरी आले आणि बायकोला म्हणाले, "कुणाचीच तक्रार नाही."

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उद्या ज्याच्या हातून औषध घ्यायचंय, त्याच्या तोंडावर कोण तक्रार करेल? आणि तुम्ही उंच पाटावर बसून विचारलं असेल. खाली त्यांच्यात जाऊन बसा. आणि त्या येसूलाच आधी बोलू द्या."

बाजाराच्या दिवशी वैद्यबुवांनी दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली घोंगडी अंथरली. आळीआळीतून माणसं बोलावली आणि स्वतःही त्यांच्यातच मांडी घालून बसले. येसू उभी राहिली. तिनं दारातली सगळी हकिकत सांगितली. मेहुणे गोरेमोरे झाले.

मग हळूहळू बाकीच्यांना कंठ फुटला. एक म्हातारी कोष्टीण म्हणाली, "बुवा, तुमच्या पुड्या सगळ्या सारख्याच दिसतात. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, मला कळत नाही. चुकीची घेण्यापेक्षा मी घेतच नाही." एका लोहाराचं म्हणणं होतं की सकाळी भट्टी सोडून येता येत नाही, आणि दुपारनंतर दवाखाना बंद असतो. एका माणसानं कडू काढ्यात गूळ घाला, अशी सूचना केली. वैद्यबुवा म्हणाले, "ते नाही जमणार. गुळानं त्या औषधाचा गुण जातो." त्यानंही ते हसून मान्य केलं.

सगळ्यांत मागे म्हाळू नावाचा एक धनगर बसला होता. तो ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यावर राहायचा. बराच वेळ काठीनं माती उकरत होता. शेवटी तो म्हणाला, "बुवा, राग मानू नका. तुम्ही ओरडता."

शेजारच्यानं म्हाळूची बाही ओढली, पण तो थांबला नाही.

"मागं मी पायाची जखम घेऊन आलो होतो. तुम्ही म्हणालात, जनावरांत राहून जनावर झालास काय. लोक हसले. तेव्हापासून आमच्या वाड्यावरचं कुणीही इकडं येत नाही. मेलो तरी चालेल, पण हसं नको, असं म्हणतात सगळे."

वैद्यबुवांचे कान तापले. आयुष्यभर लोकांसाठी झिजलो, आणि एक धनगर मला चारचौघांत शिकवतो? उठावं, घोंगडी गुंडाळावी आणि चालू लागावं, असं त्यांच्या मनात आलं. ते अर्धे उठलेही. सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती. येसूनं लेकीला घट्ट धरलं.

वैद्यबुवा पुन्हा खाली बसले.

"खरं आहे तुझं, म्हाळू," ते म्हणाले. "मी ओरडतो. माझं चुकलं. पाय कसा आहे आता?"

"लंगडतो थोडा."

"दाखव इकडं."

त्या दिवसापासून दवाखाना बदलू लागला. दारातली विचारपूस बंद झाली. बायकांसाठी आतली खोली राखून ठेवली, आणि तिथं वैद्यबुवांची बायको बसू लागली. कोष्टिणीनं पुड्यांना रंगीत दोरे बांधायची कल्पना काढली, सकाळच्या पुडीला पिवळा आणि रात्रीच्या पुडीला काळा. लोहारासारख्यांसाठी दिवेलागणीला दवाखाना पुन्हा उघडू लागला. दर बाजाराला चिंचेखाली घोंगडी पडायची आणि नवं काय करायचं, जुनं काय सोडायचं, हे सगळे मिळून ठरवायचे. भांडणंही व्हायची. मेहुण्यांना आधी ही सगळी थेरं वाटली, पण पुढे तेच आजाऱ्यांना हात धरून आत नेऊ लागले. वैद्यबुवांची ओरडायची सवय मात्र एकदम गेली नाही. आवाज चढला की घोंगडीवर खेळणारी येसूची मुलगी रडायची, आणि ते जीभ चावायचे.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, पाणी गढूळ झालं आणि त्या मुलखात पटकीची साथ शिरली. घाटावरच्या गावांत माणसं पटापट जाऊ लागली.

एके सकाळी म्हाळू लंगडत, धापा टाकत दवाखान्यात आला. "बुवा, आमच्या वाड्यावर दोघांना ढाळ लागलेत. पहाटेपासून. तुम्ही म्हणाला होता ना, काही झालं की लगेच सांगा."

वैद्यबुवा तसेच निघाले. ओढ्याचं पाणी नासलं आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी चिंचेखालच्या मंडळींना हाक घातली, आणि सगळं गाव उभं राहिलं. लोहारानं ओढ्याची वाट अडवून धरली. येसू आणि आळीतल्या बायका घरोघरी गेल्या. पाणी उकळून गार करून प्या, कुणाला ढाळ झाले तर त्याच पाण्यात मीठ-गूळ घालून घोट घोट पाजत राहा, असं प्रत्येक चुलीपाशी बसून सांगितलं. ज्या घरांनी वैद्याचं कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी येसूचं ऐकलं. कुणाला बरं नसलं की कुणी लपवलं नाही.

पटकी वाड्यावर आली, गावाच्या वेशीत शिरली आणि तिथंच थांबली. आजारी पडलेला प्रत्येक माणूस बरा झाला. एकाही घरात सुतक आलं नाही.

मग पलीकडच्या गावाहून निरोप आला, "आमच्याकडे या." गाड्या जुंपल्या गेल्या. वैद्यबुवा निघाले, आणि त्यांच्या मागे येसू, म्हाळू, लोहार आणि हट्टानं गाडीत चढलेली कोष्टीण. ज्या गावात ते गेले, तिथं त्यांनी आधी लोकांना घोंगडीवर बसवलं आणि त्यांचं ऐकलं. गावामागून गाव सावरत गेलं.

ही वार्ता राजापर्यंत पोचली. राजानं आपल्या कारभाऱ्याला पाठवलं. कारभाऱ्यानं विचारलं, "वैद्यबुवा, असं कोणतं औषध सापडलं तुम्हाला?"

"औषध जुनंच आहे," वैद्यबुवा म्हणाले. "पण पूर्वी रोगी माझ्यापर्यंत यायचेच नाहीत. का येत नाहीत ते मी त्यांना विचारलं. एवढंच नवं केलं."

कारभारी खूश झाला. राजाच्या खर्चानं नवा दवाखाना बांधायचा, असं त्यानं जाहीर केलं आणि नकाशा उलगडला. दगडी इमारत, उंच जोतं, पुढं भव्य पायऱ्या.

"माझ्या एकट्याला दाखवून उपयोग नाही," वैद्यबुवा म्हणाले, आणि त्यांनी नकाशा चिंचेखाली नेला.

सगळे वाकून बघू लागले. कोष्टिणीनं पायऱ्यांवर बोट ठेवलं. "साहेब, या चढायच्या कुणी? ज्याचे गुडघे दुखतात तोच वैद्याकडे येतो ना?"

कारभारी खदखदून हसला, त्यानं कोळशाचा तुकडा मागून घेतला आणि पायऱ्यांवर रेघ ओढली. "बोला, आजी. आणखी काय बदलायचं?"

"बसा तर खाली," म्हातारी म्हणाली. "उभ्याउभ्या होणारं काम नाही हे."

आणि राजाचा कारभारी जरीचा अंगरखा सावरत घोंगडीवर बसला.

दवाखाना उभा राहिला तो थेट अंगणाच्या पातळीला, एकही पायरी नसलेला. उघडला त्या दिवशी धनगरांनी ढोल बडवले, पंचक्रोशीतली माणसं लोटली. राजाच्या वतीनं मानाचं पहिलं पाऊल कुणी टाकायचं, असं कारभाऱ्यानं विचारलं, तेव्हा वैद्यबुवा बाजूला झाले. ढोलांच्या गजरात येसू लेकीचं बोट धरून आत गेली, आणि दारात तिला कुणीही अडवलं नाही.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांनाच आधी विचारावं, आणि उत्तर बोचलं तरी उठून जाऊ नये.