ग्राउवांगचे बहिरे

"ऐकू येत होतं की नव्हतं?" क्लेमेन्सनं तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. "एवढंच सांगा, माइस्टर. हो की नाही?"

म्हातारा ओटमार खाणीच्या काठावर ओंडक्यावर बसून सफरचंद सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. सालीची लांब पट्टी खाली लोंबत होती. ती तुटू नये, एवढीच काळजी त्याला दिसत होती.

क्लेमेन्सनं घसा खाकरला आणि चौथ्यांदा ओरडायची तयारी केली.

ग्राउवांगमध्ये ओरडण्याचं कोणाला काही वाटत नाही. ऑस्ट्रियातलं हजार-बाराशे वस्तीचं हे गाव. तीनशे वर्षं त्यानं एकच धंदा केला, डोंगर फोडायचा आणि विकायचा. शहरातल्या बड्या लोकांच्या बग्ग्या ज्या फरसबंदीवरून खडखडत गेल्या, तिच्यासाठी या गावातल्या पुरुषांची फुफ्फुसं दगडाच्या भुकटीनं भरली आणि कान सुरुंगांनी फुटले. चाळिशीत खोकला, पन्नाशीत शवपेटी. त्यातही अभिमान! कोणाचा बाप किती लवकर गेला, हेसुद्धा इथे छाती फुगवून सांगतात.

कान अधू, म्हणून सगळे मोठ्यानं बोलतात. नवख्याला वाटतं, भांडण पेटलंय. प्रत्यक्षात कोणीतरी कोणाला जेवायला बोलावत असतं. भिंतींना कान असतात म्हणतात. ग्राउवांगात फक्त भिंतींनाच उरलेत, असं शेजारच्या गावची माणसं हसून सांगत.

क्लेमेन्स इथल्या शाळेतला मास्तर. व्हिएन्नाला शिकून आलेला, त्यामुळे थोडा ताठा होताच. सहा वर्षं खपून त्यानं गावाचा इतिहास लिहिला होता, चांगली चारशे पानं. पहिला सुरुंग कोणी लावला इथपासून चर्चची घंटा दुप्पट मोठी का केली इथपर्यंत सगळं त्यात होतं. एकच पान कोरं होतं.

ते पान दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या तीन वर्षांचं.

त्या वर्षांत डोंगराच्या उतारावर, खालच्या खाणीभोवती काटेरी तारा ओढल्या गेल्या. सैनिकांनी लाकडी बराकी बांधल्या आणि कुठल्या कुठल्या देशांतून कैदी आणून दगड फोडायला लावले. कैदी आत जात. बाहेर फक्त दगड येत. वरच्या खाणीत गावकऱ्यांचं काम नेहमीसारखं चालू होतं. मधे जेमतेम दोनशे पावलं.

लढाई संपल्यावर जिंकलेल्या फौजेचा एक अधिकारी आला. वरच्या खाणीतल्या बावन्न माणसांना त्यानं चर्चपुढे उभं केलं आणि विचारलं, "तीन वर्षांत तुमच्या कानांवर काहीच आलं नाही?"

बावन्न हात बावन्न कानांमागे गेले.

"आँ?"

आपल्याकडे कानांवर हात ठेवतात. यांनी कानांमागे धरले, एवढाच फरक. सोबतच्या डॉक्टरनं पाच-सहा जणांना तपासलं. कान खरोखरच गेलेले होते. अधिकारी वैतागून निघून गेला, आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला.

त्या बावन्नांत क्लेमेन्सचे वडील होते. इग्नाट्स त्यांचं नाव. क्लेमेन्स जन्मला लढाईनंतर, आणि त्यानं वडिलांना बहिरेच पाहिलं. त्यांच्या कानाला तोंड लावून तो ओरडायचा, "बाबा, भूक लागली!" आणि ते हसून मान डोलवायचे. फार मायाळू माणूस. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या आठवणीनं क्लेमेन्स हळवा व्हायचा. ज्याला ऐकूच आलं नाही त्याला दोष कसला, या एका गोष्टीवर त्याचं सारं प्रेम उभं होतं.

बावन्नांपैकी आता एकटा ओटमार उरला होता. गावात उस्तादाला 'माइस्टर' म्हणतात आणि ओटमार हा गावचा शेवटचा माइस्टर. त्यानं एक ओळ सांगायची, की इग्नाट्सला ऐकू येत नव्हतं. मग ते पान भरणार होतं. पुस्तक उद्या छापखान्यात जायचं होतं.

"तुम्ही दोघं शेजारी शेजारी काम करत होतात!" क्लेमेन्स ओरडला. "तुम्ही सांगाल ते लिहीन. तुमच्या शब्दापुढे कोणी जाणार नाही!"

ओटमारनं सफरचंदाची एक फोड त्याच्यापुढे धरली.

"आमचं काम काय होतं, माहीत आहे का तुला?"

"पारख! प्रत्येक चिऱ्यावर हातोडी मारायची आणि आत चीर आहे का ते ओळखायचं. एकशे बाराव्या पानावर आहे!"

"कसं ओळखायचं?"

"तळहातानं! हातोडीचा धक्का तळहाताला कळतो. बाबांनीच सांगितलंय मला!"

"इग्नाट्सनं असं सांगितलं?"

"हो!"

ओटमारनं सुरी मिटून खिशात टाकली. ओंडक्याशेजारी पडलेली छोटी हातोडी उचलली आणि क्लेमेन्सच्या हातात दिली. मग तो ओंडक्यावरच उलटा वळून बसला, क्लेमेन्सकडे पाठ करून. दोन्ही हात त्यानं कोटाच्या खिशांत घातले.

"मार."

"कशावर?"

"दगडाला तोटा आहे का इथे?"

क्लेमेन्सला हा पोरखेळ वाटला. तरी त्यानं जवळच्या चिऱ्यावर हातोडी मारली. घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला.

"चांगला," ओटमार म्हणाला. "रस्त्याला जाईल."

दुसऱ्यावर मारली. बद्द आवाज आला.

"मधोमध चीर आहे. भरावात टाक."

तिसऱ्यावर मारली.

"हा डाव्या अंगाला गेलाय. उजवा अर्धा वाचेल."

क्लेमेन्सला हसू फुटलं. "दगड पाठ झालेत तुम्हाला, माइस्टर! रोज इथेच तर बसता! मी मास्तर आहे, पाठांतर मला लगेच कळतं!"

मग क्लेमेन्स मुद्दाम लांब गेला. खाणीच्या पार टोकाला गवतात एक वीतभर तुकडा पडला होता. तो उचलून त्यानं आणला आणि ओटमारच्या पाठीमागे पाच-सहा पावलांवर उभा राहिला. आता फजिती करायची, म्हणून तो मनात खूश होता. हातोडी त्यानं काखेत धरली होती. तुकड्यात चीर आहे का ते आधी आपणच बघावं, म्हणून त्यानं तो उलटा केला आणि सहज, अगदी हळूच, त्यावर नखानं टिचकी मारली.

"नखानं नाही कळत," ओटमार म्हणाला. "हातोडी घे."

क्लेमेन्स तसाच उभा राहिला. दूर कुठेतरी एक गाय हंबरली, आणि म्हाताऱ्याची मान किंचित तिकडे वळली.

"माइस्टर…" क्लेमेन्स म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही.

"बोल."

"मग त्या दिवशी, चर्चपुढे…?"

"पहिला हात माझा गेला. कान खरंच गेलेले पुष्कळ होते. कोण गेलेला आणि कोण नाही, हे कोणाला कळणार? बाकीच्यांनी माझं बघून केलं."

"आणि त्यानंतर तेहेतीस वर्षं तुम्ही…"

"एकदा बहिरं झालं की बहिरं राहावं लागतं." ओटमार थांबला. "थेरेसा मरताना काहीतरी कुजबुजली. बेचाळीस वर्षांचा संसार. ती बोलली… आणि मी 'आँ?' म्हटलं."

"का?"

"खोलीत माणसं होती."

क्लेमेन्सला संताप आला. म्हाताऱ्याची गचांडी धरावी असं वाटलं आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. दोन्हीचं काय करायचं ते त्याला सुचेना. हातातला दगड त्यानं गवतात ठेवला.

"खालून… काय ऐकू यायचं, माइस्टर?"

"मी हे गाव सोडून कधी कुठे गेलो नाही," ओटमार म्हणाला. "पण 'पाणी' हा शब्द मला सहा भाषांत येतो."

वारा सुटला होता. क्लेमेन्सनं सोबत आणून ओंडक्यावर ठेवलेली हस्तलिखिताची चळत फडफडू लागली, दोन पानं उडून खाणीत गेली. क्लेमेन्सनं ती धरली नाहीत. त्याला एकदम लहान मुलासारखं रडू येऊ लागलं, आणि बुडत्याला काडी मिळावी तसं काहीतरी त्यानं धरून पाहिलं.

"पण बाबा…" त्याचा आवाज त्यालाच जेमतेम ऐकू येत होता. "बाबांचे कान तर गेलेलेच होते ना? ते… ते तळहातानं…"

ओटमारनं खिशातून हात काढले. ओंडक्यावर टेकून तो सावकाश उठला आणि पहिल्यांदाच त्यानं वळून क्लेमेन्सकडे पाहिलं.

"इग्नाट्स?" तो म्हणाला. "माझ्याहून तयार कान होता त्याचा."