हाकेचा दगड

पानखेडच्या बाजारात आलाच आहात, तर वेशीजवळचा हा काळा दगड आधी बघून घ्या. गुडघ्याएवढाच आहे. ना त्याला शेंदूर, ना फूल. नवखा माणूस त्यावर पाय ठेवून चपलेतला खडा काढतो आणि आमच्या शिव्या खातो. इथं जुने दिवे, अडकित्ते, पानाचे डबे विकायला येतात आणि त्यांचे शौकीन लांबून शोधत येतात. घासाघीस होतेच, ती नसेल तर बाजार कसला? पण सौदा फिसकटून एकजण उठून निघाला, तर तो या दगडापाशी पोचायच्या आत मागं राहिलेल्यानं त्याला हाक मारायची आणि मनातला खरा भाव सांगून टाकायचा. मग तो विकणारा असो नाहीतर घेणारा.

ही रीत लिंगाप्पा कासारापासून सुरू झाली, असं सांगतात.

लिंगाप्पा जुन्या पितळेचा व्यापारी, आणि त्याचं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक म्हणजे यमाजी गुरव, खिंडीखालच्या देवळाचा पुजारी. यमाजीला जुन्या दिव्यांचं भारी वेड. बायको भागू म्हणायची म्हणे, घरात दिवे ढीगभर नि तेलाची बोंब. पण ते दिवे चिंचेनं घासून लख्ख ठेवायची तीच.

दोघांचा खेळ ठरलेला होता. लिंगाप्पा दुप्पट भाव सांगायचा, यमाजी निम्म्यानं मागायचा. मग यमाजी तरातरा उठून या दगडापाशी यायचा आणि पाठमोरा उभा राहायचा. मागं वळून म्हणून बघायचा नाही. लिंगाप्पा हाक मारायचा, "गुरवबुवा, या मागं." आणि दोघांनी आधीपासूनच मनात धरलेल्या भावाला सौदा पटायचा. वर्षानुवर्षं हेच. एक गोष्ट मात्र दोघंही कटाक्षानं पाळायचे: भाव करताना घरचं रडगाणं गायचं नाही. गरज दाखवून भाव फिरवणं दोघांनाही हलकं वाटायचं.

एका बाजारी यमाजी आला तो मोराचा दिवा उपरण्यात गुंडाळून. लिंगाप्पाकडूनच घेतलेला, त्याच्या सगळ्या दिव्यांत देखणा. तो विकल्यावर लिंगाप्पाला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

"अप्पा, हा द्यायचाय," यमाजी म्हणाला. बस, एवढंच. भागू तापानं फणफणली होती आणि खिंडीपलीकडच्या वैद्याला डोली करून आणायचं होतं, हे त्यानं सांगितलं नाही.

लिंगाप्पाला वाटलं, बुवानं आज नवीनच खेळ काढलाय. सवयीनं त्यानं निम्मा भाव सांगितला. पुरता भाव द्यायचा, वर चार पैसे जास्तच द्यायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं म्हणे.  दिवा उचलून यमाजी या दगडापाशी आला आणि पाठमोरा उभा राहिला.

इथंच घात झाला बघा. यमाजी हाकेची वाट बघत होता, कारण जन्मभर ती आलीच होती. लिंगाप्पाच्या ओठांवर ती आलीही. पण त्याच्या मनानं घेतलं, हाक विकणाऱ्यानं मारायची असते आणि आज विकणारे बुवा आहेत. येऊ देत त्यांनाच. यमाजीच्या खांद्यावरून उपरणं घसरलं, ते त्यानं सावरलंही नाही. लिंगाप्पाला ते दिसलं, तरी तो गालातल्या गालात हसत बसला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मध्ये आलं. ते गेल्यावर बघतो तर दगडापाशी कुणी नव्हतं.

यमाजी खिंड ओलांडून पलीकडच्या बाजारात गेला. तिथं त्या दिव्याची कुणाला पारख नव्हती. मोडीच्या भावानंही कुणी घेईना. शेवटी तो रिकाम्या हातानं वैद्याच्या दारात उभा राहिला, तर वैद्य पैशाचं नावही न काढता त्याच्याबरोबर निघाला. पण तोवर दिवस कलला होता. दोघं घरी पोचले तेव्हा भागू गेलेली होती.

लिंगाप्पाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या बाजारी तो पुरते पैसे बाजूला काढून बसला होता. लांबून यमाजी येताना दिसला, तसा तो उठून उभाच राहिला. यमाजी दगडापाशी थांबला, दिवा दगडावर ठेवला आणि खिंडीकडं वळला.

"गुरवबुवा, या मागं," लिंगाप्पानं हाक मारली. "तुम्ही म्हणाल तो भाव."

यमाजीनं पहिल्यांदाच वळून बघितलं. "मागच्या बाजारी हाक मारायची होतीत, अप्पा. भागू गेली."

तो खिंडीकडं चालता झाला. लिंगाप्पा हाका मारत मागं धावला, पण यमाजी थांबला नाही. त्यानंतर तो देवळात दिसला नाही की कुठल्या बाजारातही नाही. लिंगाप्पानं त्या दिव्याचं कधी मोल केलं नाही. दर बाजारी तो दिवा दगडावर लावायचा, हाक मारायचा आणि धाय मोकलून रडायचा, असं सांगतात. एका हाकेचं तर काम होतं, एवढंच म्हणत तो गेला.

आजही बाजार उठायच्या वेळी आमच्यातला सगळ्यात वयस्कर व्यापारी या दगडावर दिवा लावतो आणि खिंडीकडं तोंड करून हाक मारतो, "गुरवबुवा, या मागं. तुम्ही म्हणाल तो भाव." सगळा बाजार हातातलं काम सोडून गप्प उभा राहतो. जरा वेळ वाट बघतो आम्ही. मग आपापली गाठोडी बांधतो.