समुद्राची पंगत

एका राज्यात घडलेली ही हकिगत माझ्याइतकी खडानखडा कुणालाच ठाऊक नाही. राज्याचं नाव तेवढं आठवत नाही, आणि ते कुठल्या दिशेला होतं तेही. पण राजा उष्णसेन मात्र डोळ्यांपुढे उभा आहे. उभा म्हणजे, दुलईत गुरफटून लवंडलेला.

या राजाला थंडीचं भारी वावडं. जरा वारा सुटला की सिंहासनावर शिंकांचा दरबार भरे. हसू नका, पहाटे पांघरूण सोडताना तुमचाही राजा होतो. तर अशा राजाकडे धूम्रजट नावाचा मांत्रिक आला. जटांतून धूर, हातात अग्निमणी. म्हणाला, "राजा, हा महालाखालच्या समुद्रात टाक. हिवाळा या राज्याची वाट विसरेल." राजाने मणी टाकला. समुद्र ऊन झाला, वारा ऊन झाला, राजाने दुलई भिरकावली.

मग मासळी आटली. होड्या रिकाम्या जात, रिकाम्या येत. पोवळी नावाची राजकन्या तो अग्निमणी काढायला पाण्यात उतरली, तोच धूम्रजटाने फुंकर मारली आणि तिचा सुरय झाला, मासे टिपणारा समुद्रपक्षी. "समुद्राने तुला पोटभर जेवू घातलं, की माणूस होशील," एवढं बोलून तो डोंगराकडे चालता झाला.

आता पोवळी दिवसभर लाटांवर घिरट्या घाली. चोच मारी, तर नुसतं पाणी येई. महालातली खीर तिच्या घशाखाली उतरेना. पिसं गळू लागली. राजा गच्चीवर येरझारा घाली, बसवेना, निजवेना. खाली समुद्रही त्याच्यासारखाच तळमळे.

"पोरी, आज काही मिळालं?"

"नाही, आबासाहेब. आज उडवतही नाही."

राजा तडक किनाऱ्यावर गेला. आपण समुद्राला जेवू घालू, समुद्र पोरीला घालील! पण पंगत वाढायची ती दरबारी रीतीने, आधी मान मोठ्यांचा. त्याने सुरमईला हाक मारली, मटणाच्या पराती ओतल्या.

सुरमई वर आली. "राजा, आम्ही तारली खातो. ती आण."

एक हडकुळी तारली सापडली. राजाने तिच्यापुढे भाताचा ढीग लोटला. "आम्हाला जवळा हवा," ती म्हणाली.

जवळा म्हणजे इवलीशी कोळंबी. उरल्यासुरल्या जवळ्यापुढे राजाने केशर घातलेलं पीठ भुरभुरलं. राजाच तो! जवळा म्हणाला, "आम्ही पाण्यातली हिरवी धूळ खातो. तीच मरते आहे."

हिरवी धूळ म्हणजे तरंगतं शेवाळ, डोळ्यांना न दिसणारं. तिचं ऐकायला राजाने पाण्याला कान लावला. कान भाजला. धूळ म्हणाली, "आमचं अन्न तळाच्या थंड पाण्यात. ते वर येईना. तुझ्या मण्याने वर ऊन पाण्याचं झाकण घातलं आहे. ज्याने मणी टाकला त्यानेच तो काढावा. पण काढणाऱ्याच्या हाडांतली ऊब जन्माची जाईल."

राजा थबकला. एक पाय पाण्यात, एक वाळूत. पाण्यातला पुढे जाईना, वाळूतला मागे येईना.

तेवढ्यात पोवळी उडता उडता कोलमडली आणि लाटेवर पडली. राजाने मग विचार केला नाही. तसा तो एरवीही करत नसे. बुडी मारली, मणी उपटला आणि दात वाजवत बाहेर आला. वाळूवर मणी निवला. डोंगरात धूम्रजटाच्या जटा विझल्या, उरला एक टकला म्हातारा.

थंड पाणी वर उसळलं. हिरवी धूळ पसरली, जवळा दाटला, तारली चमकली. ते पाहताच राजाच्याच होड्या बारीक जाळी घेऊन धावल्या. राजा ओरडला, "मागे फिरा! धाकट्यांची पंगत उठल्याशिवाय थोरांनी पान मांडायचं नाही!"

होड्या फिरल्या. पोवळीने पडल्या पडल्या चोच उघडली. एक तारली आली, मागून आणखी आली, आणि पोट भरताच ती माणूस होऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, केसांत खवले घेऊन. त्या वर्षी हिवाळा राज्यात परत आला. मासळीची पिल्लं मोठी होईपर्यंत होड्या वाळूवर राहू लागल्या.

राजा काठावर कुडकुडत होता. म्हणाला, "पोरी, तुझ्यापायी केवढी थंडी पत्करली मी!"

पोवळीने ओले केस पिळले. "आबासाहेब, तुमच्या मण्याआधी ती सगळ्यांना फुकट मिळत होती."